सुप्याच्या फाट्यापर्यंत

मार्थाबाई मोटारीच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहत असत. मोटारीला कपाळ नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यांच्या मोटारीचे नाक उंच होते, त्यावर पितळी झाकण होते, आणि झाकणाखालच्या पत्र्यावर तळहात टेकवून त्या डोळे मिटून उभ्या राहत. मग "आहे थोडा" किंवा "उतरला" एवढेच बोलत. सारे आयुष्य परिचारिकेचे काम केलेल्या बाईचा हात दुसरे काय शोधणार? पाहणारे हसत. प्रथम मीही हसलो होतो.

ही हकीकत बहात्तरच्या दुष्काळातली आहे. मी तेव्हा पारनेर तालुक्यात दुष्काळी कामावर ओव्हरसियर होतो. एका पाझर तलावाचे मातीकाम आणि त्याकडे जाणारा खडीचा रस्ता माझ्याकडे होता. गावाचे नाव देत नाही. ज्या घराविषयी पुढे लिहायचे आहे, त्या घरात आता कोणी उरलेले नाही, म्हणूनच लिहितो.

मार्थाबाई त्या गावच्या नव्हत्या. नगरच्या एका मिशन इस्पितळातून निवृत्त झाल्यावर त्या गावातल्या लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत येऊन राहिल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. इस्पितळातली गोरी डॉक्टरीण मायदेशी परत जाताना आपली मोटार त्यांना देऊन गेली होती; ती चालवायलाही तिनेच शिकवले होते. मोटार महायुद्धापूर्वीची, विलायती. तिच्या बरोबरीच्या मोटारी केव्हाच भंगारात गेल्या होत्या. पांढरे लुगडे नेसलेली, चष्मा लावलेली, उंच हाडाची ही बाई हँडल मारून ती सुरू करी, तेव्हा कामावरच्या बायका घमेली खाली ठेवून पाहत.

आमची पहिली भेट टँकरपाशी झाली. रांग लांब होती. मार्थाबाई बादली घेऊन सरळ माझ्याकडे आल्या.

"ओव्हरसियर, मोटारीसाठी एक बादली मिळेल?"

"टँकरचे पाणी माणसांसाठी आहे."

"बरोबर आहे. माणसाचं पाणी मोटारीला घालायचं नाही. तुम्ही देता का, तेवढंच पाहायचं होतं."

"आणि दिले असते तर?"

"तर तुमच्या वरच्या साहेबाकडे तक्रार केली असती."

एवढे बोलून त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या वाट्याचे पाणी मिळाल्यावर त्यातले निम्मे त्यांनी गाळून मोटारीत ओतले. उरलेल्या निम्म्यात त्यांचे पिणे, रांधणे आणि अंग पुसणे होत असे. दुसऱ्या माणसाच्या तोंडचे पाणी मोटारीला न घालण्याचा नेम त्यांनी त्या दुष्काळात एकदाच मोडला. त्याविषयी पुढे येईल.

मोटार चालू ठेवण्याचे कारण साधे होते. कामावरच्या गरोदर बायकाही दिवस भरेपर्यंत खडी फोडत. खात्याची जीप अनेक कामांना मिळून एकच होती. ती कधी येईल याचा नेम नसे. एसटी सकाळी एकदा येई. ज्या बाईचे बाळंतपण गावात होण्यासारखे नसे, तिला नगरला नेण्यास या मोटारीवाचून दुसरे वाहन नव्हते. मार्थाबाई दर दोन-चार दिवसांनी कामावर येत, बायकांचे पाय दाबून सूज पाहत, पापण्या खाली ओढून पाहत आणि मला हुकूम सोडत. "हिला उद्यापासून पाटी नको. पाणी पाजायला लावा." "हिला सावलीत बसवा, हजेरी पूर्ण मांडा." मी नियम सांगू लागलो की म्हणत, "नियम तुम्ही सांभाळा, बाई मी सांभाळते." मी नियम वाकवीत असे. त्यांच्यापुढे ते सोपे पडे.

भागूबाई आणि तिची सून हौसा या दोघी आमच्या कामावर होत्या. भागूबाई विधवा, तोंडाने फटकळ, हाताने उदार. हौसा अबोल होती. तिचा नवरा बैलांबरोबर जनावरांच्या छावणीत राहत होता. हौसाची आधीची दोन्ही मुले जन्मतःच गेली होती. आता ती पुन्हा गरोदर होती, आणि मधूनच, काही दुखत नसताना, तिला रक्त जाई. मार्थाबाईंनी तिला तपासले आणि सासूला बाजूला घेऊन सांगितले, "वार खाली आहे, भागूबाई, बाळाच्या वाटेवर. ही घरी बाळंत होणार नाही. हिला ऑपरेशनच लागेल. नववा लागला की मी नेईन."

"आताच न्या की, बाई."

"आता नेलं तर दवाखान्यात इतके दिवस ठेवून घेणार नाहीत. आणि नगरात हिला खाऊ कोण घालणार?"

ते खरे होते. हजेरी बुडाली की घरातला मिलो बुडत असे. त्या वर्षी मिलो नावाची तांबडी, परदेशी ज्वारी खाऊन माणसे जगत होती. ज्यांनी ती खाल्ली, त्यांना तिची चव सांगावी लागत नाही.

मोटार त्या वेळी गळत होती. रेडिएटरची जाळी जागोजागी विरली होती. गळती थांबवण्यास मार्थाबाई हळद वापरीत. तो उपाय तेव्हा सगळ्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक होता: पाण्यात हळद टाकली की ती भोकांत जाऊन बसते आणि गळती थांबते. स्वतःची हळद संपली की त्या घरोघर मागत.

"मोटारीला बी हळद लागती व्हय, बाई?" भागूबाईने विचारले होते.

"जखम कोणाचीही असो, हळदच लागते. चिमूट नको, मूठ द्या. हिची जखम मोठी आहे."

बायकांना याची मौज वाटे. पुढे पुढे मागावे लागत नसे. ज्या घरची बाई मोटारीने जाऊन लेकरू घेऊन परत आली, त्या घरातून हळदीची पुडी आपोआप येई. ती देण्याची त्या गावात एक रीतच पडली.

पावसाने पुन्हा तोंड फिरवले, त्या सुमारास मोटार तापू लागली. गळत नव्हती, तरी तापत होती. मार्थाबाईंचे एक ठरलेले वाक्य होते, "ताप म्हणजे दुखणं नव्हे. दुखणं आत कुठंतरी असतं." त्या मोटार घेऊन नगरला माळीवाड्यात इस्माईल मिस्त्रींकडे गेल्या. मला कचेरीत काम होते. मीही बरोबर होतो. इस्माईल मिस्त्रींनी खालची नळी सोडली, बोट घातले आणि बाहेर आलेला पिवळा गाळ मार्थाबाईंपुढे धरला.

"बाई, ह्यात पाणी कमी अन् हळद जास्त. भाजी टाकायची का?"

"चेष्टा नंतर. साफ होईल?"

"साफ केली तर गळंल. ठेवली तर तापंल. ही जाळी हळदीनंच उभी आहे. दुसरी आणा."

"कुठून?"

मिस्त्रींनी वर आकाशाकडे बोट दाखवले.

मग शोध सुरू झाला. हौसाला सातवा लागला होता. नगरातले भंगारवाले झाले. लष्कराच्या लिलावातला माल घेणारे भिंगारचे व्यापारी झाले. त्यांच्याकडे ट्रकच्या जाळ्या होत्या, त्या आमच्या मोटारीच्या दारातून आत गेल्या नसत्या. रजेच्या दिवशी आम्ही पुण्याला जुन्या बाजारात गेलो. मार्थाबाईंनी जाळीचे माप सुतळीने घेतले होते. ती सुतळी घेऊन त्या उन्हात ढिगामागून ढीग पाहत होत्या. एक दुकानदार म्हणाला, "आजी, गाडी विकून टाका, तिच्या मोलात बैल येईल." मार्थाबाई म्हणाल्या, "बैल काय खाईल, तुझं दुकान?" परतीच्या एसटीत त्या सुतळी बोटांभोवती गुंडाळीत होत्या आणि सोडीत होत्या.

किरकोळ वस्तू मिळाल्या. पंख्याचा पट्टा चांभाराकडून कातडी करून घेतला. रबरी नळी मिळण्यास काहीच कष्ट पडले नाहीत. विहिरी आटल्यामुळे पाण्याची इंजिने बंद पडली होती आणि ज्याच्याकडे मागाल तो नळी कापून देत होता. जाळी मात्र मिळेना.

शेवटी इस्माईल मिस्त्रींनीच बातमी काढली. राहुरीकडच्या एका जुन्या इनामदारांच्या घरी त्याच जातीची मोटार उभी होती. आम्ही गेलो. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत ती होती. चाके नव्हती. मागच्या बैठकीवर कोंबड्या अंड्यावर बसल्या होत्या. मार्थाबाईंनी पुढे जाऊन पत्र्यावर तळहात ठेवला, मग सुतळी लावली. माप जुळले.

घरमालक चाळिशीचा होता. त्याने नम्रपणे नकार दिला. "वडिलांची आठवण आहे, बाई. तिला हात लावायचा नाही."

"आठवणीला पाणी गार करावं लागत नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "मला फक्त आतली जाळी पाहिजे. पुढचं तोंड तसंच ठेवते. बाहेरून कुणाला कळणारही नाही."

तेव्हा दाराआडून त्याची म्हातारी आई बोलली. ती आमच्यासमोर आली नाही. आवाज मात्र स्पष्ट आला. "दे तिला. तुझा बाप छातीत दुखून तळमळत होता, तेव्हा ही मोटार इथंच उभी होती. त्याला बैलगाडीत घालून नेला. दे. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

जाळी मिळाली. मार्थाबाईंनी ती गोणपाटात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसल्या.

इस्माईल मिस्त्रींनी ती बसवली. जुनी जाळी काढून फेकताना ते म्हणाले, "आता हळद बंद, बाई. ही जाळी बारीक आहे. ह्यात पाण्याशिवाय काही गेलं तर मला तोंड दाखवू नका." मार्थाबाईंनी मान डोलावली. गावात आल्यावर त्यांनी हळद मागणे बंद केले. का बंद केले, हे सांगायचे राहिले. सांगण्याची गरज आहे असे कोणाला वाटले नाही, मलाही नाही.

मोटार पुन्हा नीट चालू लागली. दोन बायका नगरला जाऊन सुखरूप बाळंत होऊन आल्या. हौसाला नववा लागायला थोडा अवकाश होता. सोमवारी तिला न्यायचे ठरले. शुक्रवारी दुपारी मी तलावाच्या भिंतीवर असताना भागूबाई धावत आली. "सायेब, बाईस्नी सांगा. हौसीला लई जातंया."

मार्थाबाईंनी मोटार भागूबाईच्या दारात आणली, पाणी पाहिले, झाकण लावले आणि त्या आत गेल्या. हौसाला तयार करण्यास काही वेळ लागला. मी आणि शेजारचे दोघे खाट सरकवून तिला बाहेर आणण्याच्या खटपटीत होतो. भागूबाई मध्येच घरात गेली, बाहेर गेली. बाळंतिणीच्या घरात अशी ये-जा चालतेच. मग आम्ही निघालो. मागे हौसा आडवी, तिचे डोके भागूबाईच्या मांडीवर. पुढे मार्थाबाई आणि मी. माझ्या पायांत पिण्याच्या पाण्याचा डबा होता.

गाव खोलगट जागी आहे. तिथून सुप्याला जाणारा रस्ता तेव्हा कच्चा होता आणि चढाचा होता. चढ अर्धा झाला असता झाकणातून वाफ निघू लागली. मार्थाबाईंनी गाडी थांबवली. पदराने धरून झाकण काढले. वाफेला पिवळी झाक होती. त्या क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. परंतु विचार करण्यास वेळ नव्हता.

मागून हौसा म्हणाली, "बाई, पानी द्या."

रक्त गेलेल्या माणसाला कसली तहान लागते, हे मार्थाबाईंना माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक होते. डबा माझ्या हातात होता. त्यात जे होते ते मोटारीला कसेबसे पुरले असते. आसपास माळरान होते. विहीर दिसत होती. ती कोरडी आहे हे आम्हा सर्वांना माहीत होते.

"पानी," हौसा पुन्हा म्हणाली.

"देते, बाळ. सुप्याला गेलं की पोटभर देते." मार्थाबाईंनी आपला रुमाल डब्यात बुडवून तिच्या ओठांवर पिळला. मग डबा माझ्या हातातून घेतला आणि सारा मोटारीत ओतला. शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा उलटा धरला.

मी हँडल मारले. मोटार चालू झाली. चढ संपला. सुप्याच्या फाट्यावर, नगर-पुणे रस्त्याला लागताना, ती पुन्हा उकळली, आतून लोखंड घासल्याचा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी आवळले. मार्थाबाई खाली उतरल्या. वरच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग वाकून खालची नळी धरली.

"खाली गार आहे," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. "पाणी खाली उतरतच नाही."

तेव्हा भागूबाई मागून बोलली. तिचा आवाज धीर देणाऱ्या माणसाचा होता. "चालंल, बाई. भिऊ नगा. निघताना म्या तिची वटी भरली हाय."

"कुणाची?"

"मोटारीची. हौसीची भरली, मंग हिची नगं व्हय? हीच तर न्हेनार तिला. हळद घातली, कुकू घातलं, गहू घातलं. वटीला मिलू चालत न्हाई, म्हनून मडक्यात मूठभर गहू जपून ठिवलं हुतं. निम्मं हौसीच्या पदरात, निम्मं हिच्या तोंडात."

मी मार्थाबाईंकडे पाहिले. त्यांचा हात अजून त्या थंड नळीवर होता. गरम पाण्यात फुगलेले गहू जाळीत कुठे बसले असतील, हे त्यांना दिसत असावे. मला दिसत होते. मी तोंड उघडले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी ते मिटले.

"बरं केलंत, भागूबाई," मार्थाबाई म्हणाल्या. "गाडी जुनी आहे. तुम्ही ओटी भरली म्हणून फाट्यापर्यंत तरी आली."

मी रस्त्याच्या मध्यभागी उभा राहून एक ट्रक थांबवला. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने पाण्याचा तांब्या आणला. तो आणला तेव्हा हौसा पाणी मागत नव्हती. ट्रकमध्ये कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर तिला निजवले. मार्थाबाई तिची नाडी धरून बसल्या होत्या. नगरच्या वेशीवरचे केडगाव दिसू लागले तेव्हा त्यांनी मनगट सोडले आणि हौसाचा हात तिच्या पोटावर ठेवला. भागूबाईला काही सांगावे लागले नाही. मूलही वाचले नाही.

गावात लोक विचारीत, मोटारीला काय झाले होते? मार्थाबाईंचे उत्तर ठरलेले होते. "जुनी होती." खोटे बोलणाऱ्या रोग्याला त्या रागावत, नर्सशी आणि देवाशी खोटे बोलू नये, असे म्हणत. हे उत्तर मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदलले नाही. मला एकदाच, तलावाच्या भिंतीवर बसल्या असता, त्या म्हणाल्या, "हळद मीच शिकवली, ओव्हरसियर. गहू त्यांच्या तोंडचे होते." थोड्या वेळाने, "तिनं पाणी मागितलं आणि मी ते मोटारीला दिलं. पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणाले होते, आठवतं?"

मला आठवत होते.

मोटार त्यांनी पुन्हा चालवली नाही. इस्माईल मिस्त्रींकडून जाळी काढून घेतली, स्वतः धुतली, काडी घेऊन एकेक दाणा काढला. मग ती गोणपाटात गुंडाळून राहुरीला नेऊन त्या इनामदारांच्या मोटारीत परत बसवून आल्या. त्यानंतर त्या पायी फिरत. पाय सुजले तरी फिरत. आणि खांद्याला अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीतून वाटेत भेटेल त्या बाईला, तिने मागितले नसले तरी, आधी पाणी पाजत.

दुष्काळ सरल्यावर माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या गेल्याचे कळले. मी गेलो. चर्चमागच्या स्मशानभूमीत माणसे पुष्कळ होती. बहुतेक बायका, आणि त्यांची लेकरे. पाळकांची प्रार्थना झाली. एकेकाने मूठभर माती टाकली. भागूबाई वाकून चालत आली. तीही माती टाकून मागे सरली आणि शेजारच्या बायकांना मोठ्याने सांगू लागली. हे ती पूर्वीही अनेकदा सांगत आली असावी. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ते कळत होते.

"माझी हौसी वाचली न्हाई, ती तिच्या नशिबानं. पर मोटार माझ्या वटीनं फाट्यापातूर आली हुती. बाई सोता म्हनली." मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला ओळखले. "सायेब, तुमी व्हता की गाडीत. खरं हाय न्हवं?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

"खरं आहे," मी म्हणालो.